पाय टेकला की वडा

आरे-वारेच्या दोन पुळणींच्या, वाळूच्या किनाऱ्यांच्या, डोक्यावरचा सडा श्रावणात हिरवा, दिवाळीत सोनेरी आणि शिमग्यापर्यंत तव्यासारखा काळा. माती म्हणाल तर मुठीत मावेल एवढी. बाकी सगळा कातळ, खरखरीत, कुठे वाटीएवढे तर कुठे परातीएवढे खड्डे पडलेला. गुरं चारणारे सोडले तर तिथं कुणाचं काम नसे. त्या सड्यावर दर रविवारी सकाळी जाड टायरच्या सात सायकली चढायच्या. त्यांच्यावरची माणसं चढताना धापा टाकायची, उतरताना ओरडायची आणि खालच्या टपरीवर बसून पुन्हा आठवडाभराचं भांडायची.

त्यांचा कायदा एकच. चढणीला ज्याचा पाय जमिनीला टेकला, त्यानं सगळ्यांना वडा द्यायचा. पाय टेकला की वडा. चेन पडली असो, गाय आडवी आलेली असो, सबब चालत नसे.

खतिजा मुकादमनं आजवर एकदाही वडा दिला नव्हता.

त्या सातांत ती एकटी बाई. राहणार मांडवीची, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम. चण अशी की पेशंट तिच्याकडेच बघत विचारायचे, "मॅडम कुठे आहेत?" सायकल तिच्या नवऱ्याची, अलीची. त्यानं हौसेनं घेतली, एक हिवाळा फिरवली आणि तो पुन्हा जहाजावर गेला. भिंतीला टेकून उभी असलेली ती सायकल खतिजानं एकदा अंगणात फिरवली, मग बंदरापर्यंत, मग सड्यावर. सडा लागला तो लागलाच. लाटेनं होडी उचलावी तशी कातळाच्या उंचवट्यावर सायकल उचलली जायची, समोर नुसतं आभाळ उरायचं आणि पोटात काहीतरी हसायचं. लग्नानंतर तिच्या पोटात असं काही हसलं नव्हतं.

पण सायकल अलीची, उंच माणसाची. सीट खाली घेता यायची. सीटपुढची आडवी नळी मात्र जिथल्या तिथं. त्या नळीवरून पाय टाकून खतिजा उभी राहिली तर तिचे तळवे जमिनीला पुरत नसत. बोटं तेवढी टेकायची, तीही सपाट जागी, आणि सड्यावर सपाट जागा असते कुठे? म्हणून ती थांबतच नसे. चढायचं तर गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, बाजूनं, चिऱ्यावर पाय ठेवून. उतरायचं तर पुढचा गडगा गाठून. कुठल्या वळणावर कुठला बांध आहे, कुठे वडाचं मूळ वर आलं आहे, हे तिनं नमाजाच्या वेळांसारखं पाठ केलं होतं. बाकीचे दम खायला मध्येच टेकायचे, ती पुढे निघून जायची.

"वाघीण हाय ती, वाघीण!" विनोद म्हणायचा. त्याची आंब्याची कलमं होती आणि तोंड बारमाही मोहरलेलं. "आमच्या पायांना जमिनीची ओढ, हिच्या पायांना जमीन दिसतच नाय."

खतिजा हसायची. सुरुवातीला एकदा सांगून टाकलं असतं तर संपलं असतं. पण वाघीण हा शब्द कानाला गोड लागला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला मोठं म्हणत होतं.

मागच्या पावसाळ्यात, एका मधल्याच वारी, ती एकटी सड्यावर गेली होती. धुक्यातून एक म्हैस समोर आली. जोरात नव्हती खतिजा, चढावरही नव्हती. तिनं नुसता ब्रेक दाबला. सायकल थांबली, पाय खाली गेला आणि जमीन शोधत राहिला. नळीचा तडाखा असा बसला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. मग सायकल अंगावर, आणि मनगट तिच्याखाली कातळावर. घरी आल्यावर तिनं सगळ्यांना सांगितलं, शेवाळावरून पाय घसरला, घराच्या पायरीवर पडले. ग्रुपमधले फळं घेऊन भेटायला आले. विनोद म्हणाला, "सायकलवरून पडत नाय, घरात पडते!" ती तेव्हाही हसली. मनगट बरं झालं. ब्रेक दाबायची भीती मात्र काही गेली नाही. आता तिला सड्यावर ते हसू सापडत नव्हतं. प्रत्येक वळणावर ती फक्त पुढचा गडगा शोधत होती.

पुढच्या वर्षी येणाऱ्या सायकलींवर बोलणं हा त्या ग्रुपचा खरा धंदा. मोबाइलवर कुठून कुठून फोटो यायचे, आणि मग घरची कामं बाजूला पडायची.

"वायरी सगळ्या हँडलच्या पोटातून नेल्यात. ब्रेक बिघडला की काय आतडी काढायची काय?"

"पुढचा फोर्क बघ, गाढवाच्या पायासारखा."

"चाकं अजून मोठी होणार म्हणतात. होऊ देत. मोठं चाक खड्डा गिळतं."

"मोटर? मोटर लावायची तर स्कूटर घे ना मेल्या, सायकलीची अब्रू कशाला घेतोस?"

हे शेवटचं एकेकाळी स्वरूपदादाच बोलायचा. पन्नाशी ओलांडलेला, औषधांच्या दुकानाचा मालक, ग्रुप त्यानंच जमवलेला. तो बोलला की बाकीचे थांबायचे. गेले काही महिने मोटरचा विषय निघाला की तो चहात बघत बसायचा. अलीकडे वडे तोच जास्त वेळा देत होता; गिअर अडकतो म्हणायचा.

आणि मग बातमी आली. पुण्याची एक नवी कंपनी कोकणच्या कातळासाठी, सह्याद्रीच्या वाटांसाठी सायकल बनवत होती. नमुने घेऊन त्यांचा माणूस रविवारी सड्यावर येणार होता, चालवणाऱ्यांची मतं ऐकायला. त्यांनी आधी पाठवलेल्या चित्रांत खतिजाला एक आकृती दिसली. चौथी साइझ, सगळ्यांत लहान. आडवी नळी उतरत्या छपरासारखी मागे झुकलेली. खाली बारीक अक्षरांत: मागणी असल्यास.

तिनं ती आकृती मोबाइलवर मोठी करून पाहिली, पुन्हा लहान केली, पुन्हा मोठी केली. तिच्या मापाचा शिवलेला कपडा असावा तशी ती दिसत होती. कुणीतरी तिला न बघता तिच्यासाठी काढलेली.

आदल्या रविवारी टपरीवर ती म्हणाली, "ती लहान साइझ सांगूया हां सगळ्यांनी. बायका, मुली येतील उद्या."

"येऊ देत की! बोलू, बोलू," स्वरूपदादा म्हणाला.

"आपा, तू फिकरच नको करू," अक्रम म्हणाला. तो तिचा मावसभाऊ, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. "मी पहिला बोलतो बघ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाच लागते, असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणाली नाही.

रविवारी सड्यावर कंपनीचा निळा तंबू उभा होता. वारा त्याला सारखा समुद्राकडे ओढत होता. निलेश नावाचा तरुण पुण्याहून आला होता, गोरागोमटा, सौजन्याचा पुतळा, पायात कोरे बूट. तीन सायकली स्टँडवर होत्या. दोन साध्या, एक मोटरवाली. लहान नव्हतीच, ती फक्त कागदावर.

तासभर सगळ्यांनी त्या फिरवल्या, टायर दाबले, सीटवर बसून उड्या मारल्या. खतिजानं एकीवरही पाय टाकला नाही. आसपास गडगा नव्हता.

मोटरवाली स्वरूपदादानं घेतली. वारेच्या बाजूच्या चढणीवर, जिथं तो हल्ली हमखास टेकायचा, तिथं तो सरळ वर आला. तोंड मिटलेलं, छाती शांत. वर आल्यावर त्यानं मान वळवून खाली समुद्राकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते खतिजाला नीट ओळखता आलं, कारण एकेकाळी ते तिच्याकडेही असायचं.

मग सगळे सतरंजीवर बसले. निलेश म्हणाला, "मोकळेपणानं बोला. एक मात्र सांगतो. यंदा आम्हाला एकच जास्तीची गोष्ट करता येईल. एक तर चौथी, लहान साइझ, नाहीतर हे मोटरचं मॉडेल. बाकीच्या गावांत मतं अर्धी अर्धी पडली आहेत. तेव्हा तुम्ही काय म्हणता त्यावर बरंच ठरेल."

खतिजानं अक्रमकडे पाहिलं. अक्रमनं स्वरूपदादाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

स्वरूपदादानं घसा साफ केला. "असं आहे निलेशराव, मोटर हवी. पर्यटक वाढलेत, वयस्क माणसं येतात, त्यांना सडा दिसला पाहिजे. आता लहान साइझ. ती म्हणे बायकांना लागते." त्यानं हसून खतिजाकडे हात केला. "ही आमची खतिजा. उंची बघा. आणि चालवते कुठली? नवऱ्याची, मोठ्यातली मोठी. आम्ही पुरुष माणसं दहादा टेकतो, हिनं आजवर एक वडा दिलेला नाही! मग सांगा, साइझ लागते की जिगर लागते?"

टाळ्या पडल्या. विनोदनं शिट्टी घातली. निलेश कौतुकानं म्हणाला, "वा मॅडम! हे आम्ही जाहिरातीत घालू."

वारा तंबूत शिरून बाहेर गेला. खतिजा उठून उभी राहिली. उभं राहून तरी काय, बसलेल्यांपेक्षा थोडीशीच वर.

"मला लागते," ती म्हणाली.

"काय मॅडम?"

"लहान साइझ. मला लागते. माझे पाय पुरत नाहीत. मी थांबत नाही कारण मला थांबता येत नाही. गडग्यावरून चढते, गडग्यावर उतरते. पावसात मी घरी पायरीवर पडले नव्हते. इथं पडले. या सड्यावर."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिला वाटलं, आता कळेल यांना.

"म्हणजे," विनोद ओरडला, "एक वडा बाकी आहे!"

हशा असा उसळला की खालच्या पुळणीवरचे पक्षी उठले असतील. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. अक्रमसुद्धा हसला, मग तिच्याकडे बघून थोडा कमी हसला.

"टायर घसरला का मॅडम?" निलेशनं आपुलकीनं विचारलं. "ओल्या कातळावर पकड हा मुद्दा आमच्या डोक्यात आहेच."

"टायर घसरला नाही. सायकल थांबली होती."

"थांबलेल्या सायकलवरून?" त्याला कळेना. "पण सीट तर बटणानं खाली जाते आता. दाखवतो तुम्हाला."

"सीट खाली जाते. नळी कुठे जाते?"

"अहो, नम्रपणा आहे तिचा," स्वरूपदादा मध्येच म्हणाला, जरा घाईनं. "मी बघतो ना दर रविवारी. आमच्यात सगळ्यांत पुढे हीच. तुम्ही टायर रुंद करा, झालं."

"टायर रुंद," निलेश म्हणाला. "छान सूचना. मग मोटरवर एकमत धरू?"

कुणी नाही म्हणालं नाही. मग पोह्यांचे डबे उघडले, आणि नारळाच्या वासात सगळ्यांची मतं पुन्हा वाहू लागली. रंग कुठला, हँडल किती रुंद, बाटली अडकवायची कुठे.

खतिजा तंबूमागे जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं स्वरूपदादा पोह्यांची बशी घेऊन आला.

"रागावलीस काय गो?"

"तुम्ही बोलणार होतात."

"बोललो की. चारचौघांत तुझं नाव किती वर नेलं."

"नाव वर नेलंत. मला खालीच यायचं होतं, दादा. जमिनीवर."

तो बशीत बघत राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "मला दम लागतो, खतिजा. डॉक्टर म्हणतो चढण सोड. सड्याशिवाय मी काय करू? दुकानात बसून मरू? कुणाला बोललो नाही अजून. बायकोलासुद्धा नाही."

तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. लॅबमध्ये तिनं कितीतरी वाईट रिपोर्ट लोकांच्या हातात दिले होते. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. त्यानं हे आदल्या रविवारी सांगितलं असतं, तर कदाचित तिनंच मोटरसाठी हात वर केला असता.

"मग हे तिथं बोलायचं होतं," ती म्हणाली. "पर्यटकांच्या आडून कशाला? माझ्या आडून कशाला?"

"लोक काय म्हणतील गो."

"मी बोलले ना. हसले लोक. मेले नाही मी."

बशी त्यानं कातळावर ठेवली आणि तो तंबूकडे वळला. आत कुणीतरी हाक मारली तसा त्याचा आवाज लगेच मोठा झाला: "अरे, बॅटरी पावसात भिजली तर काय, ते विचारलं का त्याला?"

परतीला ती सायकलवर बसली नाही. अक्रम त्या दिवशी टेम्पो घेऊन आला होता, त्यात मागे सायकल आडवी टाकली आणि ती पुढे बसली. रस्ता खाली वळला, तशी एका बाजूला सगळी पुळण उघडी पडली, ओहोटीची, ओली, चकचकीत. अक्रम खुशीत होता. इंजिनवाल्या माणसाला मोटर आवडली होती.

"काय खेचते, आपा! आवाज नाय, धूर नाय. आणि बघ, बॅटरी नळीतच. नळी त्यामुळे अजून जाड होणार म्हणतो तो."

"हं."

समोरून आलेल्या एसटीला त्यानं वाट दिली. मग म्हणाला, "तुझा तो लहान साइझचा मुद्दा राहूनच गेला नाय? पुढच्या वर्षी येतील ना, तेव्हा आपण नक्की बोलू."

खतिजानं काचेतून नजर काढली नाही. "तू पहिला बोलणार होतास अक्रम. आज का नाही बोललास?"

त्याला प्रश्नाचं खरोखर नवल वाटलं. त्यानं गिअर बदलला, वळण नीट घेतलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"स्वरूपदादा बोलत होता ना, आपा."