खुळखुळा वाजला नाही तर

दिवाळी झाली आणि जमीन हलायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून किती वेळा ते मोजणंही लोकांनी सोडून दिलं. तलासरीकडच्या त्या पाड्यावर अंगणवाडी निर्मलाबाईंची, आणि अंगणवाडी म्हणजे आता आंब्याखाली ताणलेली एक निळी ताडपत्री. पोरांना आत बसवायचं नाही असा हुकूम वरून आला होता. बाहेर कसं बसवायचं ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. वरचे असेच. सांगायचं तेवढं सांगतात आणि जीपमध्ये जाऊन बसतात.

जानेवारीत त्यांनी एक पुस्तिका पाठवली. मुलांच्या मनातली भीती जावी म्हणून घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवा. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, जुन्या सीडी घ्या, अंड्यांचे ट्रे घ्या, उरलेली लोकर घ्या. वाचता वाचता निर्मलाबाईंना हसू आलं. अहो, या पाड्यावर टाकाऊ काय असतं? साडी फाटली की गोधडीत जाते, गोधडी फाटली की पायपुसणं होते, फुटका डबा कोंबड्यांना पाण्याला लागतो. आणि लोकर म्हणाल तर इथल्या बकरीच्या अंगावरसुद्धा नाही.

पण बाई मोठ्या हिकमती. पुस्तिका दिली ठेवून आणि काडेपेट्यांची बैलगाडी केली, ताडाच्या पानांच्या भिंगऱ्या केल्या, भेंडी कापून हळदीच्या पाण्यात बुडवून ठसे मारले. पोरं रमली. रमेना ती एकटी निलम.

निलम म्हणजे प्रविण आणि चंद्राची पोर, पाच वर्षांची. बाप अच्छाडला हायवेवरच्या ढाब्यावर भांडी घासायचा, आई मिळेल त्या मजुरीला जायची. पहिल्या मोठ्या धक्क्याला फळीवरचा हंडा निलमच्या पुढ्यात येऊन पडला, तेव्हापासून पोरीनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता. जेवण अंगणात, झोप अंगणात. दवात झोपून झोपून खोकला जडला, छाती घरघरायला लागली. चंद्रा रडकुंडीला आली होती. "बाई, माझं नाय ऐकत ती. तुमचं ऐकते. तिला घरात न्या कसं पण. नायतर खोकल्यानंच जाईल."

आता काय करावं? निर्मलाबाईंनी रात्रंदिवस तोच घोर लावून घेतला. शेवटी प्रविणला सांगून ढाब्यावरून सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं मागवली. पिशवीभर आली. नारळाच्या करवंटीला खिळ्यानं भोकं पाडली, गोणीची सुतळी ओवली, सुतळीला झाकणं लटकवली आणि झाला खुळखुळा. निलमनं स्वतः ओवला. मग त्या तिच्या घरी गेल्या, वाशाला खुळखुळा टांगला आणि निलमला दारात उभं करून म्हणाल्या, "हे बघ, जमीन हलली की हा वाजणार. वाजला की बाहेर पळायचं. आणि वाजला नाही तर घर पडत नाही."

"कधीच नाय?"

"कधीच नाही."

"शप्पथ?"

बाईंनी गळ्याची कातडी चिमटीत धरली. "शप्पथ."

पोर आत गेली हो. हळूच गेली, वर बघत बघत गेली, पण गेली. चंद्रानं बाईंच्या पायाला हात लावला.

आठ दिवसांत बारा घरांत खुळखुळे लागले. धक्का आला की सगळीकडून खळखळाट व्हायचा आणि पोरं हसत बाहेर पळायची. निलमचा खोकला गेला. सुपरवायझर मॅडम आल्या, फोटो काढून घेऊन गेल्या, म्हणाल्या, जिल्ह्याला दाखवते. निर्मलाबाईंनी त्या दिवशी नवी साडी नेसली होती, आणि का नेसू नये? इतक्या वर्षांत कोणी धड शाबासकी दिली नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांनी पाहिली होती. चंद्राच्या घराची मागची भिंत. कुडाची भिंत पाडून प्रविणनं मोठ्या हौसेनं विटांची बांधली होती, पण सिमेंट परवडेना म्हणून मातीतच रचलेली. कुडाची भिंत अंगावर आली तर माणूस माती झटकून उठतो. विटांचं तसं नसतं. त्या भिंतीला आडवी भेग गेली होती, बोट जाईल एवढी. साहेब लोक पंचनाम्याला येऊन खडूनं तिच्यावर नंबर टाकून गेले होते. निर्मलाबाई चंद्राला म्हणाल्या, "लिंपून घे गं." आणि निलमला काहीच म्हणाल्या नाहीत. मोठ्या मुश्किलीनं आत गेलेल्या पोरीला परत कशाला घाबरवायचं?

मार्च सरत आला. आठ दिवसांत एकही धक्का नव्हता. लोक म्हणायला लागले, गेलं बहुतेक संकट. शुक्रवारी दुपारी निर्मलाबाई ताडपत्रीखाली पोरांची वजनं घेत होत्या तेव्हा धडाड असा आवाज आला. एकदाच. जमीन हलली नव्हती, पाड्यावर एकही खुळखुळा वाजला नव्हता. चार महिने हादरे खाऊन खिळखिळी झालेली भिंत आपली आपण बसली, आणि तिच्या पायाशी निलम जेवत होती.

निर्मलाबाई दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मन घट्ट करून चंद्राकडे गेल्या. अंगणात प्रविण होता, त्याची आई ठकी होती, पाड्यावरची सात-आठ माणसं होती. चंद्राच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं.

"मी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होते, बाई," ती म्हणाली. "दारातून मागच्या भिंतीला पोट आलेलं दिसलं. मी बोंबलले, निलम, बाहेर ये. ती उठलीच नाय. आधी वर बघितलं तिनं. मला म्हणते, आये, वाजला नाय ना. हसून म्हणाली. घास होता तोंडात."

मग तिनं मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"तुम्ही तिला काय सांगितलेलं, बाई? ती सारखी म्हणायची, वाजला नाय तर घर पडतच नाय, बाईंनी शप्पथ घेतलीय."

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. निर्मलाबाईंच्या जिभेवर तो आलाही होता. पण माणसं बघत होती, ठकी डोळे रोखून बसली होती, आणि जीव कुणाला प्यारा नसतो?

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मी कशाला असं सांगू? वाजला की पळ, एवढंच म्हटलं होतं मी."

चंद्रानं झिंज्या धरल्या असत्या, थोबाडीत मारली असती, तर बाई एखादेवेळी सुटल्या असत्या. तिनं नुसती मान हलवली आणि सासूकडे वळली.

"ऐकलं ना? बाईंनी तसलं काय सांगितलं नव्हतं. उगाच त्यांना बोल लावू नका. माझीच पोर खोटं बोलली."

मग तिनं बाईंना बसायला गोणपाट टाकलं आणि चहा आणून दिला. निर्मलाबाईंनी तो सगळा पिऊन टाकला.