तीन माणसांचे क्वार्टर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते म्हणतात. आमचे एकतीस ट्रंकांत होते. लग्नानंतर मी सतरा घरे मांडली आणि सतराही माझ्याच हाताने आवरली. माझे यजमान सैन्यात होते, मुलगा सैन्यात आहे, आणि दोघांच्याही बदल्यांत घर निवडण्याचे काम माझ्याखेरीज कोणी केले नाही. यजमान म्हणत, "बाहेर हुकूम ऐकायचे आणि घरी आल्यावरही ऐकायचेच, माझी शिस्त उगाच नाही टिकली."

माझे नियम थोडे आणि ठाम होते. एक नंबरच्या ट्रंकेत किटली, चादरी, हातोडी आणि पडदे. ती गाडीत सर्वांत शेवटी चढायची आणि नव्या घरात सर्वांत आधी उघडायची. कोणती ट्रंक कोणत्या खोलीत जाणार हे आधी वहीत लिहायचे. घर पाहताना प्रथम नळ सोडायचा, मग खिडकी उघडायची, मग दोरी काढायची. ती यजमानांच्या जुन्या तंबूची दोरी; पलंगाच्या लांबीवर मी तिला गाठ मारून ठेवली होती. आणि पलंग लावल्यावर ज्या घराचे दार पुरते लागत नाही, ते घर घ्यायचे नाही. अर्ध्या उघड्या दाराच्या घरात माणूस राहत नाही, नुसता खोळंबतो.

या वेळची बदली मोठ्या, श्रीमंत शहरात झाली. छावणी शहराच्या ऐन मध्यावर. तिच्या भिंतीबाहेर पाऊल टाकले की घरभाडे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आम्ही छावणीतल्या पाहुण्यांच्या खोलीत उतरलो : मुलगा, सूनबाई, आठ वर्षांची नात आणि मी. तिथे महिनाभर राहण्याची मुभा होती. सात महिन्यांनी मुलाची तुकडी सीमेवर जाणार होती, आणि तिथे कुटुंब नेता येत नाही. म्हणजे घर जे निवडायचे ते या सात महिन्यांसाठी.

नातीला आम्ही 'कप्तान' म्हणतो, कारण ती कोणाचे ऐकत नाही आणि सर्वांना कामाला लावते. हा गुण तिने कोणाकडून घेतला, असे सूनबाई अधूनमधून भिंतीला विचारते.

घरे दाखवणाऱ्या दलालाचे नाव कप्तानाने 'झुळूक' ठेवले. प्रत्येक घरात तो मला खिडकीपाशी उभे करी.

"आजी, इथे या, इथे. कशी झुळूक येते बघा!"

"झुळूक कुठली, तुमच्या बोलण्याचा वारा आहे तो. खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते."

"भिंत आहे, पण चांगल्या वस्तीतली आहे हो!"

सूनबाई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले असते, पण दलालासमोर हसले की भाडे वाढते.

दोन आठवड्यांत आम्ही अकरा घरे पाहिली. छावणीजवळची आमच्या आवाक्याबाहेरची होती. एक जिन्याखालचे, ज्यात कप्तानाखेरीज सर्वांना वाकून चालावे लागले. एकच घर माझ्या सर्व नियमांत बसले. नळाला धार, पूर्वेकडे खिडकी, पलंग लावून दार लागत होते. आणि छावणीपासून ते दोन तासांच्या वाटेवर होते. मुलाला पहाटे निघावे लागले असते, आणि परत येईपर्यंत मुलीची झोपेची वेळ टळून गेली असती.

त्याच संध्याकाळी मुलगा कचेरीतून आला आणि बूट न काढता पलंगाच्या कडेवर बसला.

"आई, छावणीतलं क्वार्टर मिळतंय. शाळा समोर, मैदान समोर. माझी कचेरी चालत पाच मिनिटं."

"मग तोंड का पाडलंस?"

"दोन खोल्यांचं आहे."

"दोन कशा? घरात माणसं किती त्यावर खोल्या ठरतात. आपण चार आहोत."

त्याने सूनबाईकडे पाहिले. सूनबाईने चहाचे कप उचलले, जे अजून भरलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्वार्टर-वाटपाच्या कचेरीत स्वतः गेले. कारकून माझ्या मुलाच्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला.

"या मावशी, बसा."

"मी तुमची मावशी नव्हे, आणि मी उभीच बरी. आमच्या कुटुंबाला तीन खोल्यांचं क्वार्टर का नाही, एवढं सांगा."

त्याने फाईल काढली. "तीन माणसं आहेत ना? तुमचा मुलगा, सून, नात."

"आणि मी काय अधांतरी राहते?"

फाईल उलटी करून त्याने माझ्यापुढे सरकवली. आश्रितांच्या रकान्यात दोन नावे होती. मागे एक पिवळा पडलेला कागद टाचलेला होता आणि त्यावरचे अक्षर माझे होते.

'मी माझ्या मुलाची आश्रित नाही. मला कोणाच्याही आधाराची गरज नाही. माझे नाव या रकान्यात घालू नये.' खाली सही, आणि सहीखाली दोन रेघा.

अकरा वर्षांपूर्वीचा तो कागद. यजमान जाऊन दोन महिने झाले होते. मुलगा नुकताच नोकरीला लागलेला; एक छापील अर्ज घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "आई, आश्रित म्हणून तुझं नाव घालतोय, नुसता कागद आहे." मी म्हटले होते, "कागद कधी नुसता नसतो. आज रकान्यात बसवशील, उद्या कोपऱ्यात." आणि समोर बसून, शाई वाळेपर्यंत त्याला उभे ठेवून, मी ते लिहून दिले होते. त्या दिवशी मला वाटले, मी जिंकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त ते दिसायला अकरा वर्षे लागली.

"मी आत्ता दुसरा कागद लिहून देते," मी म्हटले.

"द्या की. मग चौकशी होईल, मग नाव चढेल, मग मोठ्या क्वार्टरच्या यादीत नंबर लागेल. दीड वर्ष तरी धरा."

"माझ्या मुलाजवळ सात महिने आहेत."

त्याने चष्मा काढून हातात घेतला. "मी यादी नुसती सांभाळतो, आजी. बनवत नाही."

"आणि तोवर दोन खोल्यांत मी दाटीवाटीने राहिले तर?"

"कागदावर नाव नसलेल्या माणसाला छावणीत महिनाभरच राहता येतं, पाहुणा म्हणून. तुमचे सोळा दिवस झालेत."

त्याने खुर्ची पुढे ओढली होती. मी बसले आणि म्हटले, "या कागदाची एक नक्कल द्या."

"कशाला?"

"अक्षर चांगलं आलंय."

दुपारी पाहुण्यांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. कप्तान बाहेर ट्रंका मोजत होती. वही तिच्या ताब्यात होती. मी बोलण्याआधीच सूनबाई बोलली.

"आई, लांबचं घर घ्यायचं. मी ठरवलंय."

"तुम्ही कधीपासून ठरवायला लागलात?"

"तुमच्याकडे बघून बघून शिकले. चारजणांचं घर आहे, चारजण राहू."

"आणि हा?"

"मी निघेन पहाटे," मुलगा म्हणाला. "त्यात काय एवढं? बाबा नाही का जायचे?"

ते वाक्य त्याने बोलायला नको होते.

"जायचे," मी म्हटले. "तू दोन वर्षांचा असताना मी छावणीतलं क्वार्टर नाकारलं होतं. अंधारं होतं. लांबवर एक घर घेतलं, मोठ्या खिडक्यांचं. तुझे बाबा तू उठायच्या आधी जायचे आणि तू झोपल्यावर यायचे. मग तुकडी पुढे गेली. दोन वर्षांनी ते दारात उभे राहिले, तू दार उघडलंस आणि आत ओरडलास, आई, कोणीतरी काका आलेत! ते खाली वाकले आणि बुटांची नाडी सोडत बसले. इतका वेळ कोणाला लागत नाही नाडी सोडायला. ते घर मी निवडलं होतं. मोठ्या खिडक्यांचं."

बाहेरून कप्तानाचा आवाज आला, "सत्तावीस! अठ्ठावीस!"

"क्वार्टर घ्यायचं," मी म्हटले. "मी वसतिगृहात जाते. सैनिकांच्या विधवांसाठी आहे, आपल्या मागच्या गावापाशी. मला तरी कुठे या गर्दीत राहायचंय? तुमच्या मुलीने माझा चष्मा तीनदा मोडलाय."

"आई," मुलगा म्हणाला, "तो कागद मी लगेच दिला नव्हता. आठ दिवस खिशात ठेवला होता. वाटलं, तू परत मागशील."

मी त्याला काय सांगणार? त्या आठ दिवसांत मला तो कागद दोनदा आठवला होता. दोनदा मी स्वतःला सांगितले होते, शब्द मागे घेणारी माणसे वेगळी.

"उद्यापासून सामान हलवा," मी म्हटले. "एक नंबर आधी उघडा."

वसतिगृहाच्या अर्जात एक अट होती : अर्जदार कोणाही मुलाची आश्रित नसावी, आणि तसा पुरावा जोडावा. मी ती नक्कल जोडली. तिथल्या बाईंनी कळवले, इतका स्पष्ट पुरावा त्यांच्याकडे आजवर आला नव्हता. आठ दिवसांत जागा मिळाली.

ते आठ दिवस मी क्वार्टर मांडले. पडद्यांना मी नेहमी चार बोटे जास्तीची दुमड ठेवते, घरागणिक उसवायला. ती उसवून घेतली. नळाला नवी चकती बसवून घेतली. सूनबाईला डब्यांची जागा दाखवली, आणि तिने ती मान्य न करता स्वतःची ठरवली, तेव्हा मी गप्प राहिले. तिने वळून माझ्याकडे पाहिले, जणू घरातले घड्याळ अचानक थांबले. "आई, रागवा ना," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तिथे ठेवते." आणि डबा हातात धरूनच रडू लागली. मी म्हटले, "रडताना डबा खाली ठेवावा. झाकण पडतं." तिने ठेवला; मी म्हटले होते तिथेच.

शेवटच्या दुपारी कप्तान वही घेऊन आली. अठ्ठावीस ट्रंकांपुढे बरोबरची खूण होती.

"आजी, अकरा, बारा, तेरा राहिल्या. त्यांच्यापुढे खोलीच लिहिलेली नाही. तू विसरलीस?"

"आजी विसरत नाही. त्या माझ्या आहेत. त्या दुसरीकडे जाणार."

"दुसरीकडे म्हणजे कुठे? तुझा पलंग तर अजून लावलाच नाही!" तिने माझ्या पिशवीतून दोरी ओढून काढली. "थांब, मी जागा शोधते."

मी अडवले नाही. अडवायला हवे होते. आधी तिने आईबापांची खोली मोजली, मग आपली. दोरीचे एक टोक दातात, दुसरे हातात, गुडघ्यांवर रांगत. स्वयंपाकघर मोजले. मग बाहेरच्या दारामागची अरुंद जागा. गाठ भिंतीला टेकली तशी ती उडी मारून उठली.

"आजी, बसतो! इथे बसतो तुझा पलंग! फक्त..." तिने दार ढकलून पाहिले. दोरीशी येऊन ते थांबले. "फक्त दार लागत नाही."

"मग ती जागा घ्यायची नाही. नियम माहीत आहे ना?"

"माहीत आहे." ती दाराकडे पाहत राहिली. "मग आपण दार काढून टाकू."

सूनबाई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज बंद झाला.

"छावणीत दार काढता येत नाही," मी म्हटले. "दोरी नीट गुंडाळ. यापुढे ती तुझ्याकडे."

"कायमची?"

"पुढच्या बदलीला घर तू मोजायचंस."

तिला इतका आनंद झाला की मी कुठे चालले आहे, हे विचारायचे राहिले. ते तिने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले, फाटकापाशी, जेव्हा पहारेकऱ्याने माझ्याकडून पाहुणा-पास परत मागितला. मुलाने तोंड फिरवले. मी सांगितले, "सुट्टीत ये. खोली कशी आहे ते मोजून सांग." तिने माझा हात धरला होता; तो मी एकेक बोट करून सोडवला. मागे वळून पाहिले नाही. ते मी कधीच केलेले नाही, सतरा घरांतून निघताना एकदाही नाही, आणि आता कळते की त्यात शौर्य काहीच नव्हते; त्या सतराही वेळा माझी माणसे माझ्यासोबत गाडीत असत.

वसतिगृहाची खोली चांगली आहे. नळाला धार आहे. खिडकी पूर्वेला. पलंग लावून दार पुरते लागते. तिथे पोचताच मी ते लावले आणि पलंगावर बसले. प्रवासातले जाकीट अंगात तसेच होते.

किटली एक नंबरच्या ट्रंकेत, म्हणजे तिकडे राहिली होती. कधीतरी मी अकरा नंबरची ट्रंक उघडली. वर वहीचे एक पान घडी करून ठेवले होते, माझ्या तीन ट्रंकांचे. खोलीचा रकाना मी कोरा सोडला होता. तो पेन्सिलीने भरलेला होता, मोठ्या, वाकड्या अक्षरांत, आणि खाली दोन रेघा ओढलेल्या, माझ्या सहीखाली असतात तशा :

'११, १२, १३ : दाराच्या मागे. दार काढल्यावर.'

पानाची मी पुन्हा होती तशी घडी घातली आणि ट्रंक बंद केली. त्यानंतर ती उघडलेली नाही. सामान लावायचे राहिले आहे. इथल्या बाई रोज विचारतात, आजी, ट्रंका कुठे ठेवायच्या? मी सांगते, राहू द्या तिथेच, दारापाशी.