अस्सल टॅको खाणारं स्थळ

स्थळ अमेरिकेतल्या पार्सिपनीचं. नाव अतुल. मोठ्या कंपनीत नोकरी, हातात ग्रीन कार्ड, पत्रिका जुळते. घराणं शुद्ध शाकाहारी, मुलगीही तशीच हवी.

हे स्थळ शनिवारी विमानानं ॲन आर्बरला, लतिकेच्या विद्यापीठाच्या गावी, उतरलं. लतिकेला पोहे करायला न लावता मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये घेऊन आलो, या पुरोगामीपणावर ते स्वतःच बेहद्द खूश होतं.

"पोहेबिहे आउटडेटेड आहे यार," अतुल म्हणाला आणि दोघांचीही ऑर्डर स्वतःच देऊन मोकळा झाला. पहिल्या मिनिटापासून तो तिला 'तू' म्हणत होता. ती त्याला 'तुम्ही'.

रविवारी सकाळी पुण्याहून बाबांचा फोन येणार होता. पीएचडी संपत आली होती आणि हे पाचवं स्थळ. प्रत्येक नकारानंतर बाबांचा आवाज थोडा थोडा म्हातारा होत गेला होता. या खेपेला शक्यतो हो म्हणायचं, असं ठरवूनच लतिका आली होती.

शक्यतो.

*

अतुल उवाच:

पिवळं, कडक, कुरकुरीत मिळतं तो टॅको नव्हेच. अमेरिकन लोकांची बनवाबनवी. अस्सल टॅको मऊ पोळीचा. मक्याचाच. गव्हाचा खातात ते अडाणी. वर किसलेलं चीज घालतात ते महाअडाणी.

"तुम्ही मेक्सिकोला कधी गेला होतात?" लतिकेनं विचारलं.

"मेक्सिको असं नाही. टेक्ससला. ऑफिसचं ट्रेनिंग होतं."

अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे तिनं पुण्यात पोत्यानं पाहिले होते. तिच्या मामाला एकदा गाडी चुकली म्हणून कोल्हापुरात मुक्काम पडला, तर तो पुढे जन्मभर मिसळीवर निकाल देत फिरला. पण मामा निदान मिसळ संपेपर्यंत गप्प बसायचा.

तिच्या लॅबमधली सोलेदाद उत्तर मेक्सिकोतली. तिच्या घरी रोज गव्हाच्याच पोळ्या. म्हणजे ती अडाणी. लतिकेनं हे ओठावर येऊ दिलं नाही. ऊर्जा वाचवली.

*

"आणि हे बीन्स," अतुल बोट चाटत म्हणाला. "आपल्या बायका राजमा ठेचून टॅकोत भरतात ना, हॉरिबल! ही चव घरी येतच नाही."

ती येत नाही याचं कारण लतिकेला माहीत होतं. सोलेदादनंच सांगितलं होतं. चवीला डुकराची चरबी लागते.

समोर शुद्ध शाकाहारी घराण्याचा कुलदीपक तिसरा टॅको रिचवत होता. लतिकेला आतून गुदगुल्या झाल्या. खाऊ दे. चांगला चौथाही खाऊ दे. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. कितीही उंटावरचा शहाणा असला, तरी कुणाचं व्रत असं मोडू देऊ नये.

"अहो, थांबा. यात डुकराची चरबी असते."

अतुल थांबला नाही. इकडेतिकडे बघून आवाज मात्र खाली आणला.

"माहितीये गं. तीन वर्षं खातोय. चरबीशिवाय अस्सल कसं होणार?"

"मग शुद्ध शाकाहारी?"

"ते घरात. आई येऊन राहते, ती फार स्ट्रिक्ट आहे. घरात तुलाच सगळं सांभाळायचंय. माझं बाहेरचं वेगळं." त्यानं चौथा टॅको उचलला. "तू खात नाहीस ना काही? बाहेरसुद्धा?"

"चिकन खाते. इथल्या दुसऱ्या हिवाळ्यापासून."

आता मात्र त्याचा हात थांबला. चरबीनं न थांबलेला हात चिकननं थांबला.

"आणि बायोडेटात व्हेजिटेरियन लिहिलंय? ही चीटिंग आहे, लतिका. तुझ्या बाबांना माहितीये?"

हनुवटीवर बीन्सचा ओघळ घेऊन तो न्यायाधीशासारखा ताठ बसला होता. त्याला हे दिसत नव्हतं, आणि पुसायला सांगण्याइतकी माया तिच्यात उरली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. दोन्ही अर्थांनी नव्हे, एकाच. दुसरा, स्थळाला नकाराचा, उद्या फोनवर सांगायचा होता.

*

"हं, काय ठरलं?" बाबा. मागे तारेची खरखर.

"नाही, बाबा."

"अगं, पण का? काही खोट निघाली का?"

'डुकराची चरबी खातो' एवढं बोललं की काम फत्ते. बाबांनीच त्या घराण्याचा उद्धार केला असता, आणि तिच्याकडे सहाव्या स्थळाचा फोटो निघाला असता. शुद्ध शाकाहारी घराण्यातला. तिच्या जिभेवर आलं होतं. पण अशानं ती अतुलच्याच पंगतीला बसली असती, त्याच्याच ताटात हात घालून.

"मी चिकन खाते, बाबा. आणि ते सोडणार नाही. बायोडेटातलं ते तेवढं खोडा."

पुण्याहून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आईला देऊ का फोन?" बाबा म्हणाले.

"नको," लतिका म्हणाली. "तुम्हीच बोला."