शेवटच्या कागदाखालची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. वाचनालयाच्या सगळ्यांत खालच्या फळीवर, दोन जाड शब्दकोशांच्या मध्ये अंग चोरून उभी आहे. माझी पाठ उसवली आहे, कोपऱ्यांना कसर लागली आहे आणि गेल्या सहा वर्षांत मला कोणी घरी नेलेले नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. म्हातारपण कुणाला चुकले आहे? माझे दुःख वेगळे आहे. माझ्या गोष्टीत एक खून होतो आणि दोनशे चौदाव्या पानावर खुनी सापडतो. कितीही वेळा वाचा, सापडतोच. आणि माझ्या शेवटी चिकटवलेल्या कागदाखाली एका खऱ्या मरणाची साक्ष आहे. ती मात्र मला आजवर कुणापर्यंत पोचवता आली नाही.

माझा जन्म छापखान्यामागच्या बांधणीच्या खोलीत झाला. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या क्रमाने लावायच्या आणि दोऱ्याने शिवायच्या, हे काम तिथे चार बायका करत. मला जिने शिवले तिला सगळे बांधणीताई म्हणत. नवरा लवकर गेलेला, पदरात एक लेक. कागद हातात घेतल्याबरोबर तो जाड की पातळ, दमट की कोरडा, हे ती न बघता सांगे. तिने घातलेला टाका मला कधी टोचला नाही.

तिची नऊ वर्षांची लेक शाळा सुटली की तिथेच येऊन बसे आणि सुट्या घड्या वाचे. पण घड्या काही क्रमाने छापून येत नसत. पहिली आणि तिसरी सोळा पाने आज, तर मधली सोळा चार दिवसांनी. मग त्या पोरीचा जीव खालीवर होई.

"आई, गिरणीवाला मेला कसा? मधली पानं कुठायत?"

"येतील उद्या. गप बस जरा."

"पण त्याला मारलं कुणी?"

"मला काय माहीत? मी शिवते, वाचत नाही."

बाकीच्या बायका खो खो हसत. त्यांनीच तिचे नाव 'चौकशी' पाडले. ते पुढे जन्मभर चिकटले.

माझी गोष्ट तशी साधी आहे. एका लहान गावात गिरणीच्या मालकाचा खून होतो. सगळे गाव म्हणते, पट्ट्यात सापडून मेला. तिथल्या चार पानी वर्तमानपत्राची बातमीदार तरुणी मात्र ते मानत नाही. ती सायकलवरून दारोदार फिरते, शिव्या खाते, नदीकाठी एकटी जाते आणि शेवटी खुन्याला धरते. लेखकाने तिला चहा फार पाजला आहे आणि दोन ठिकाणी उगाच रडवले आहे. पण एकंदरीत मी वाचायला घेतली की खाली ठेवता येत नाही, असे लोक म्हणत. तेव्हा मी भलतीच भाव खात असे, हेही कबूल करते.

वाचनालयात आले ती थेट ग्रंथपाल काकांच्या टेबलावर. काका पूर्वी शाळामास्तर होते. त्यांनी एक नियम केला होता. पुस्तक परत करणाऱ्याने शेवटी चिकटवलेल्या कागदावर निदान एक ओळ अभिप्राय लिहायचा आणि खाली नाव न घालता फक्त सभासद क्रमांक टाकायचा. दर शनिवारी काका लाल पेन्सिल घेऊन बसत आणि आठवड्यात आलेला प्रत्येक अभिप्राय वाचत. ऱ्हस्वदीर्घही सुधारत. सगळ्या गावाला हे ठाऊक होते. कागद भरला, की त्याच्यावरच खळ लावून नवा कागद चिकटवायचा, ही त्यांची पद्धत. जुने अभिप्राय खाली दडपले जात, पण त्यांना वाटे, एकदा आपण वाचले ना, मग झाले.

माझ्या पहिल्या कागदावर काय एकेक नग होते! 'खुनी चाळिसाव्या पानालाच ओळखला. – ८८.' त्याखाली, 'क्रमांक ८८ यांनी बढाई मारू नये. त्यांना शेवटचे पान आधी वाचताना मी पाहिले आहे. – ११९.' कुणाला नायिका उद्धट वाटली. कुणी विचारले, तिचे लग्न शेवटी झाले की नाही? एका गृहस्थांना असे वाटले की गिरणीच्या पट्ट्याचे वर्णन चुकले आहे, आणि त्यांनी ते अर्धा कागद खर्चून नीट करून दिले. आणि अगदी कोपऱ्यात, तिरक्या अक्षरात, 'मला हेच काम करायचे आहे. – ३०४.' ती चौकशी होती, तेव्हा तेरा वर्षांची. काकांनी तिथे लाल पेन्सिलीने लिहिले, 'आधी अक्षर सुधार.'

तिने अक्षर सुधारले आणि काम पण तेच केले. गावच्या साप्ताहिकात ती बातमीदार झाली. पाणी कधी येणार, रस्ता का खणला, दवाखान्याचे दार कुलूपबंद का, असल्या बातम्या ती देई. बांधणीताईंचे डोळे तोवर पार गेले होते. बारीक टाक्यांनी ते खाल्ले होते. त्यांना नुसता उजेड आणि सावली कळे. लेक रोज सकाळी आईला आपली बातमी वाचून दाखवी आणि मग सायकल काढी. हे मला माहीत आहे, कारण वाचनालयात आली की ती काकांना सगळे सांगत बसे. मला आठवड्यातून एकदा तरी ती फळीवरून काढी, उगाच चाळी आणि परत ठेवी. तिचा हात मला आवडे.

मग तिने रंगाच्या कारखान्याची बातमी हाती घेतली. भल्या पहाटे कारखाना घाण पाणी कालव्यात सोडतो, असे तिच्या लक्षात आले होते. ती पहाटे बाटल्या घेऊन कालव्यावर जाऊ लागली. एका सकाळी तिची सायकल काठावर सापडली आणि दुपारी पाण्यात ती स्वतः.

पाय घसरला, असे सगळे म्हणाले. अधिकाऱ्याने बांधणीताईंना सांगितले, "कुणावर संशय असेल तर सांगा, तपास चालू ठेवतो. नसेल तर या कागदावर सही करा, अपघात म्हणून प्रकरण मिटवू." ताईंनी सही केली नाही. कारखान्याचे लोक घरी जाऊन गोड बोलून आले, तरी केली नाही. "ती त्या काठावर लहानाची मोठी झालीय. तिचा पाय घसरत नाही," एवढेच त्या म्हणत. सात आठवडे ते प्रकरण त्यांच्या एका सहीसाठी उघडे राहिले होते.

आणि इकडे माझे दिवस पालटले. सगळ्यांना एकदम मीच हवी झाले. मला नेण्यासाठी क्रमांक लागू लागले. सातव्या आठवड्यातल्या अभिप्रायांनी माझा तिसरा कागद भरला. मित्रांनो, तसले अक्षर माझ्या अंगावर कधी उमटले नव्हते. 'असल्या गोष्टी वाचूनच मुली बिघडतात. – ५१.' 'नको तिथे नाक खुपसले की दुसरे काय होणार? – २२०.' 'गोष्टीतली वाचली, कारण गोष्टीतली होती. – ८८.' 'आईने वेळीच आवरायला हवे होते. बापाविना वाढलेली. – १४.' गोष्टीतल्या नायिकेवर लिहायचा कागद तो, पण सगळे एकाच मुलीवर लिहीत होते, आणि तिला सगळ्यांनी कडेवर खेळवले होते.

त्या कागदावरची शेवटची ओळ गुरुवारी लिहिली गेली. लिहिणारा दुधाचा रतीब घालणारा माणूस होता. कारखान्याच्या उपाहारगृहातही त्याचेच दूध जाई. घरात चार खाणारी तोंडे. त्याने दोनदा टोपण काढले आणि दोनदा लावले. मग वाकून, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिले, 'पान ११२ वर नायिका पाण्याकाठी एकटी जाते. आपली एकटी नव्हती. मागे कारखान्याची गाडी होती. दोघे उतरले. मी पुलावर होतो. तोंडाने सांगायची हिंमत नाही. काका, तुम्ही शनिवारी वाचाल म्हणून लिहितो. – १६७.' त्याच्या घामाने शाई थोडी फुटली. काकांनी न बघताच परतीचा शिक्का मारला. शनिवारला दोनच दिवस होते. मी ती रात्र कशी काढली, माझे मला ठाऊक.

शुक्रवारी दुपारी बांधणीताई आल्या. हातात काठी, पदर घट्ट खोचलेला.

"दादा, त्या पुस्तकात लोक माझ्या लेकीबद्दल लिहितायत म्हणे. जरा वाचून दाखवा. कुणाच्या लिहिण्यातून काही हाती लागलं तर बघू."

काकांनी मला उघडले. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. त्यांचा चेहरा पडला. आणखी दोन ओळी वाचून त्यांनी मला मिटले.

"ताई, चष्मा घरी राहिलाय. तासाभरानं याल?"

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

त्या गेल्या आणि काकांनी खळीची वाटी काढली. मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो काका, खाली बघा, अगदी खाली! त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते पुटपुटत होते, "काय ही माणसं! काय लिहितात!" त्यांनी संतापाने खळ फासली, कोरा कागद ठेवला आणि तळहाताने दाबून दाबून बसवला. क्रमांक १६७ त्या तळहाताखाली गेला. बांधणीच्या खोलीला आग लागली असती तरी मी एवढी भाजले नसते.

ताई परत आल्या. बसल्या बसल्या त्यांनी माझ्या शेवटच्या पानावर हात ठेवला आणि त्यांची बोटे थबकली.

"हा दुहेरी कागद आहे. खळ ओली आहे अजून."

"जुना भरला होता, ताई. मी सगळं उतरवून घेतलंय."

"बरं. वाचा."

आणि काका कोऱ्या कागदावरून वाचू लागले. इतक्या वर्षांत शाळेत त्यांनी कधी असे वाचले नसेल. मुलगी धीट होती. मुलगी गावाची लाडकी होती. आईने एकटीने वाढवली, पण कशी वाढवली बघा. ताईंच्या गालांवरून पाणी वाहत होते. पण त्या ऐकायला आल्या होत्या, नुसत्या रडायला नव्हे.

"कारखान्यातलं कुणी लिहिलंय का, दादा?"

काकांनी कोऱ्या कागदावर पुन्हा नजर टाकली. दुखणाऱ्या जागी फुंकर घालावी, एवढेच त्यांच्या मनात होते.

"लिहिलंय ना. त्यांनीही भरभरून लिहिलंय."

"वाकडं कुणीच नाही लिहिलं?"

"एकानंही नाही, ताई. शपथेवर सांगतो."

 ताईंनी डोळे पुसले.

"म्हणजे तिचं वाईट चिंतणारं कुणी नव्हतंच. मी मेली उगाच लोकांवर वहीम घेऊन बसले. घसरलाच असेल पाय." त्या उठल्या. "दादा, मला ठाण्यात घेऊन चला. सही कुठं करायची ते दाखवा."

काकांनी टोपी घातली आणि त्यांचा हात धरला. दोघे दारातून बाहेर पडताना मी टेबलावर उघडीच होते. पंख्याच्या वाऱ्याने माझी पाने उलटत राहिली.

दुसऱ्या दिवशी काकांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा काका प्रसन्न होते. म्हणाले, "काल एका आईचं मन शांत केलं. सहीच्या जागी तिचं बोट मीच नेऊन ठेवलं."

"चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण होतं काय हो त्या कागदावर?"

"चार ओळी वाचल्या आणि पुस्तक मिटलं. असलं कुणाला शेवटपर्यंत वाचवतंय?"

तो शनिवार होता. लाल पेन्सिल काढायची गरजच उरली नव्हती.

पुढच्या आठवड्यात दूधवाला आला. त्याने मला उघडले आणि वर डकवलेला कोरा कागद पाहिला. त्याला वाटले, काकांनी वाचले आणि झाकून टाकले. त्याने एकवार काकांकडे पाहिले. काका नेहमीसारखे हसले. त्याचा चेहरा पांढरा पडला. मोठ्या माणसांनी ठरवले आहे तर आपण कोण, असे स्वतःशीच म्हणत त्याने मला खाली ठेवले. तो पुन्हा वाचनालयात आला नाही. कारखाना चालू आहे. पाणी अजून पहाटेच सोडतात.

ताई वर्षभर होत्या. तोवर त्या महिन्यातून एकदा येत आणि काकांकडून तेच अभिप्राय पुन्हा ऐकत. काकांना ते एव्हाना तोंडपाठ झाले होते. पुढे काकाही गेले. नव्या माणसांनी अभिप्रायाचा नियम बंद केला आणि मी खालच्या फळीवर आले.

मित्रांनो, मला नवी पुठ्ठ्याची पाठ नको, धूळही झटकू नका. काका वाईट नव्हते, त्यांच्याइतका मऊ माणूस मी दुसरा पाहिला नाही. म्हणूनच तुम्हाला विनवते. एखादे दुखावलेले माणूस तुमच्यासमोर येऊन बसेल आणि म्हणेल, वाचून दाखवा, तेव्हा जे लिहिले आहे तेच वाचा. आवाज कापला तरी चालेल, त्याचे काळीज फाटले तरी ते हे सोसायलाच आलेले असते. आणि चार ओळींवर थांबू नका. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.