नंदीचा रेडा

मंजुश्रीनं घरच्या घरी लिनोकट शिकायचं ठरवलं, त्या दिवशी देवणीतल्या त्या घरात तिच्याशिवाय सगळ्यांनाच लिनोकट येत होतं.

"शिक्के तर बाजारात तयार मिळतात की," नवरा शिवकुमार म्हणाला. ज्यावर चित्र कोरून कागदावर छापायचं, तो लिनोचा रबरासारखा तपकिरी तुकडा सासूबाई पार्वतम्मांनी हुंगून पाहिला. "चपलेचा तळवा दिसतोय. ह्याला पार्सल कशाला पाहिजे?"

लग्नाआधी चित्रकलेची पदविका घेतलेल्या मंजुश्रीच्या हातून गेल्या तीन वर्षांत निघालेलं चित्र म्हणजे दारापुढची रांगोळी. पार्सलात कोरण्या होत्या, रोलर होता, काळी शाई होती. 'शांत कोपरा निवडा,' मोबाइलवर शिकवणाऱ्या व्हिडिओतली बाई सांगायची. मंजुश्रीचा शांत कोपरा आठ महिन्यांची लेक शांभवी झोपली की उघडायचा आणि कुकरची शिट्टी झाली की मिटायचा. 'लिनो कडक वाटल्यास हेअर ड्रायर वापरा.' देवणीत उन्हातल्या पत्र्यावर दोन मिनिटं ठेवला की काम भागायचं.

तिनं खिडकीजवळचं टेबल बळकावलं. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या न घडी केलेले कपडे सुखानं नांदत होते, त्यामुळे घरात हाहाकार झाला. शेवटी सासरे बसलिंगप्पा मधे पडले. त्यांचा सरदार, देवणी जातीचा पांढरा वळू, अंगावर काळे डाग. जनावरांच्या प्रदर्शनाला न्यायचा म्हणून घरात नातीच्या खालोखाल त्याचेच लाड.

"सरदारचं चित्र छापून दाव," ते म्हणाले. "जमलं तर टेबल तुझं. न्हाई तर हे सामान माळ्यावर."

पाच दुपारी ती कोरत बसली. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, डावा हात पात्याच्या मागं. एकेक काळा डाग तिनं असा जपून कोरला, की शांभवीची नखंही इतकी जपून कापली नसतील. सहाव्या दिवशी शाई फिरवली, कागद ठेवला, वरणाच्या पळीच्या पाठीनं घासला. सगळं घर जमलं. तिनं कागद उचलला.

काळाकुट्ट बैल. अंगावर पांढरे डाग.

जिथं कोरावं तिथं शाई लागत नाही, हे व्हिडिओतल्या बाईनं चारदा सांगितलं होतं. पण जन्मभर पेन्सिल धरलेल्या हाताला, हात फिरेल तिथं काळं, एवढंच ठाऊक.

"हा कोण?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"सरदार, मामा."

"रेडा हाय हा."

"शिव शिव!" पार्वतम्मांनी कपाळाला हात लावला. "नंदी कोरायला बसली अन् यमाचं वाहन घरात आणलं!"

"म्हशींचा गट वेगळा असतो, तिकडं नाव घालू," शिवकुमार म्हणाला. मदतीला तो नेहमीच तत्पर.

"अन् डाव्या खांद्याचा डाग उजवीकडं गेलाय," बसलिंगप्पा अजून बघतच होते.

पार्वतम्मा कोरण्या गोळा करू लागल्या. मंजुश्रीनं शाईचे हात पदराला पुसले. आता पदरही गेला.

"ठेव ते खाली," बसलिंगप्पा गरजले. "माळ्यावर कशाला? माझा सरदार काय जन्मभर रेडा म्हणून ऱ्हाणार? नीट होईस्तोवर ही टेबलावरून उठणार न्हाई. पोरीला मी बघतो."

आणि खरंच, रोज दुपारी ते शांभवीला खांद्यावर टाकून गोठ्याकडं जायचे आणि तासाभरानं चूक काढायला परत यायचे. मंजुश्रीनं नव्या तुकड्यावर चित्र उलटं उतरवलं, डाग राखले, अंग कोरून काढलं. दुसऱ्या छापाला शिंगं चुकली. तिसऱ्याला मानेखालची लोंबती पोळी. ती मान खाली घालून बोलणी खायची, आणि आतून तिला इतकं सुख व्हायचं, की एखादी चूक आधीच ठेवून द्यावीशी वाटायची.

चौथा छाप बसलिंगप्पांनी हातात घेतला. शिंगांपासून खुरांपर्यंत डोळे फिरवले.

"झालं की गं," ते हळूच म्हणाले. "सरदारच हाय. टेबल तुझं."

मंजुश्रीनं पाळण्याकडं पाहिलं. टेबल मिळालं, पण उद्यापासून पोर पुन्हा पाळण्यात आणि दोरी अंगठ्याला. आजोबांच्या खांद्यावर शांभवी टक्क जागी होती, तोंडभर हसत.

"कुठं झालं, मामा?" मंजुश्री म्हणाली. "शेपटीचा गोंडा बघा की. असा हाय का आपल्या सरदारचा?"

बसलिंगप्पांनी चष्मा चढवला. छाप उजेडात धरला.

"हाव की," ते गंभीरपणे म्हणाले, "लई बारीक झालाय." आणि नातीला घेऊन गोंडा बघायला गोठ्याकडं निघाले.