सूपभर बाजरीचा गोरक्ष

हवालदार अल्लाबक्ष दारात उभा राहिला तेव्हा गोजरबाई बाजरी पाखडत होती. खाकी कपडे दिसले आणि तिच्या हातातलं सूप थांबलं. गेल्या साली, बेचाळीसच्या गडबडीत, असल्याच कपड्यांतल्या लोकांनी सुपे गावातली तीन पोरं उचलली होती.

"मावशी, गोरक्ष भिमाजी तुमचाच न्हवं? पुण्याला डाक्टरी शिकलेला?"

गोजरबाईची जीभ कधी अडली नव्हती.

"माझा न्हाई. शेजारच्या रतनबाईचा हाय."

हे उत्तर आजचं नव्हतं. चार लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून पाचवं जन्मताच तिनं उकिरड्यावर ठेवलं. रतनबाईनं ते उचललं, आणि गोजरबाईनं सूपभर बाजरी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. यमाला पत्ता लागू नये, एवढ्यासाठी. तेव्हापासून चोवीस वर्षं कुणीही विचारो, पोर रतनबाईचं.

हवालदारानं तसं लिहून घेतलं आणि चुकचुकला.

"मग बुडालं त्याचं. लष्करात डाक्टर व्हायचा अर्ज हाय. शिक्षण झालं, डोळे-छाती तपासून झाली, घरची चौकशी तेवढी राहिलीती. त्यानं आई म्हनून तुमचं नाव घातलंय, अन तुमी म्हनता न्हाई. खोटं लिवलं म्हनून अर्ज फेकून देतील."

लष्करात. म्हणजे ब्रह्मदेशात. खालच्या आळीतल्या चांगुणाचा नवरा तिकडं गेला, त्याची नुसती पेटी परत आली. गोजरबाई उंबऱ्यावर बसली. आता तिला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसली की पोर जगणार होतं.

"बघू, कुठं लिवलंय."

कागदाला गोरक्षच्या हातचा जबाब टाचला होता. तिला अक्षरं जेमतेम येत, पण स्वतःचं नाव ओळखू येई. आई, गोजरबाई. ग-चा पाय लांब ओढलेला. तो ग तिनंच त्याच्याकडून कोळशानं ह्याच उंबऱ्यावर गिरवून घेतला होता.

तिनं त्यावर बोट ठेवलं.

"खोड ते," ती म्हणाली. "माझा हाय. पोरानं खरं लिवलंय."

"मग मगाशी खोटं का बोललात?"

"चोवीस वर्षं यमाला फसवलं. तू तर नुसता हवालदार."

अल्लाबक्ष हसला. ती हसली नाही. तिनं उकिरड्याकडं बघून घेतलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

तो वळणाआड झाला, तशी ती सूप रिकामं करून रतनबाईच्या दारात गेली.

"भर."

"काय झालं गं?"

"पोर परत घे. कागदावर माझं झालंय, लढाईवर निघालंय. बाजरी घाल अन तुझं हाय म्हन. मोठ्यानं म्हन."

रतनबाईनं मडक्यातली बाजरी सुपात ओतली आणि अंगणात येऊन, वर तोंड करून म्हणाली, "गोरक्ष माझा हाय."

गोजरबाईनं सूप दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तरी दाणे सांडतच राहिले.