पाटीवर नसलेली जागा

"बस की गं जया," मी चौथ्यांदा म्हटलं.

"नगं ताई, उभीच बरी हाय मी."

तीन आठवडे हेच चाललं होतं. आणि फिजिओथेरपीची पदवी भिंतीवर टांगून बसलेल्या मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

माझा दवाखाना म्हणजे जुन्नरच्या बाजारपेठेत आमच्या भांड्यांच्या दुकानामागची एक खोली. पुढे गल्ल्यावर माझ्या सासूबाई कस्तुरबाई, मागे मी, आणि मध्ये फुलाफुलांचा पातळ पडदा. बाहेर पाटी मीच हौसेने रंगवून घेतली होती: मान, पाठ, कंबर, गुडघा, टाच. त्या पाटीचा मला फार अभिमान होता.

जया मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. वय एकतीस. गाव पश्चिमेला, घाटमाथ्याजवळ. तिथे म्हातारी आई आणि भाताची चार खाचरं. दीडशे भाकऱ्या थापून झाल्या की ती अभ्यासाला बसायची. अशी ती वनरक्षक भरतीची लेखी परीक्षा पास झाली होती. आता फक्त तीन किलोमीटरची धाव उरली होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती.

पहिल्या दिवशी ती म्हणाली होती, "पळताना कंबार धरती, ताई." नक्की कुठे, असं विचारल्यावर तिने हात मागे नेऊन हवेतच फिरवला. मी कंबर धरून चालले. कंबरेचे व्यायाम दिले, शिवाय खाली वाकून पायाचे अंगठे धरायला लावले. दुखणं वाढतच गेलं. ही घरी काही करत नसणार, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. आमच्या धंद्यात हे सगळ्यात सोपं निदान.

त्या दिवशी दुकानात दोन गिऱ्हाइकं पातेली वाजवून बघत होती. तेवढ्यात सासूबाईंनी पडदा सारला.

"हर्षा, हिची कंबर दुखत नाहीये. बाहेर पाटावर ही एका अंगावर बसते. उजवी बाजू टेकवतच नाही. नीट विचार तिला." आणि मागे वळून गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "भाऊ, दुपारी या. आता बंद करतेय."

सकाळी अकरा वाजता आमचं शटर खाली आलं. माझे सासरे गेले तो दिवस सोडला, तर असं कधी झालं नव्हतं.

आत आम्ही तिघी बायकाच उरलो. जया रडवेली होऊन हसली.

"काय सांगायचं व्हतं ताई? बसायच्या जागी दुखतंय म्हनू? पडद्याच्या पल्याड बाप्ये उभे असत्यात. आन् तुमच्या पाटीवर तरी कुठं लिवलंय? त्यातल्या त्यात कंबार जवळची वाटली."

मला लाज वाटली. तिच्या बोलण्याची नाही, माझ्या पाटीची.

तिला कुशीवर झोपवून बोटाने चाचपलं. कुल्ल्याच्या खाली, बसताना जे हाड टेकतं, नेमकं तिथेच ती कळवळली. मांडीच्या मागचे स्नायू त्या हाडाला दोराने बांधल्यासारखे असतात. जुलैत रजा काढून तिने दहा दिवस चिखलात वाकून रोपं लावत भाताची आवणी केली होती आणि परत आल्या आल्या शिवनेरीच्या चढावर पळायला लागली होती. तो दोर दुखावला. त्यात मी तिला रोज अंगठे धरायला लावून तोच दोर हाडावर दाबत होते. दुखणं आवणीने दिलं आणि मी पोसलं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"आता पळनं बंद का?" तिला एवढंच विचारायचं होतं.

"बंद नाही, पण चढ बंद. सपाटीवर, लहान पावलं टाकून. वाकून ताणायचं नाही. बसताना मांडीखाली कापडाची घडी घालायची. आणि त्या दोराला हळूहळू ताकद द्यायची. नऊ आठवडे आहेत. खरं तर आणखी हवे होते."

आधी उताणं झोपून कंबर उचलून धरायची, मग एका पायावर. पुढे वजन उचलायची वेळ आली, तेव्हा सासूबाईंनी दुकानातली पितळी कळशी काढून दिली. पाठ सरळ ठेवून जया ती उचलायची आणि ठेवायची. दर आठवड्याला कळशीत तांब्याभर पाणी वाढायचं. ते माप सासूबाई स्वतः ओतायच्या, एक थेंब जास्त नाही.

पाचव्या आठवड्यात जयाबाई लंगडत आल्या. बरं वाटलं म्हणून चढावर पळून आल्या होत्या.

"इंजेक्शन द्या म्हनावं कुनाला तरी. माज्याकडं येळ न्हाई, ताई!"

मी चिडले, तीही चिडली. सासूबाईंनी कळशीतलं दोन तांबे पाणी मोरीत ओतलं आणि कळशी तिच्यापुढे ठेवली. जयाने पदर खोचला आणि ती उचलली.

धाव पुण्याला होती. त्या दिवशी माझं कशातच लक्ष लागलं नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास जया थेट स्टँडवरून दुकानात आली. बूट धुळीने माखलेले.

"झाली येळंत," ती म्हणाली. "शेवटाला जरा दुखलं, पन थांबले न्हाई. यादी लागायचीय आजून."

"आणि येताना? गाडीला गर्दी होती?"

"जागा मिळाली व्हती. बसून आले, ताई. पार पुण्यापासनं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी चहा ठेवायला वळले, तर सासूबाई गल्ल्यावरून उठत होत्या. एक हात टेबलावर, एक भिंतीला. गादीवर त्यांच्या उजव्या बाजूला दुहेरी घडी घातलेली जुनी साडी होती. किती वर्षं ती तिथे आहे, मला सांगता येणार नाही. अलीकडे सामायिकाची, आम्हा जैनांच्या ध्यानबैठकीची, अठ्ठेचाळीस मिनिटंही त्या भिंतीला टेकून एका अंगावर बसायच्या. मी ते वयावर ढकललं होतं.

"जया, जरा गल्ल्यावर बस," त्या म्हणाल्या. "कुणी आलं तर सांग, मालकीण आत दाखवायला गेलीय."

आत येऊन त्यांनी पडदा ओढला. माझा हात धरला आणि स्वतःच नेमक्या जागी ठेवला.

"इथं. अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आणि ती पाटी उद्या परत रंगवून घे."

बाहेर कुणीतरी डब्याची किंमत विचारत होतं. पडद्याच्या फटीतून मला जया दिसली. साडीची घडी तिने बाजूला सारली होती आणि गादीवर मांडी घालून ती सरळ बसली होती.